रॉकेलमध्ये धुतलेली रबरं

परसराम मिस्त्रीला स्वच्छतेचं वेड होतं. गॅरेजवाल्याला आणि स्वच्छतेचं वेड! पण होतं खरं. भंडारा गाव संपून वैनगंगेचा पूल लागायच्या आधी हमरस्त्याच्या कडेला त्याचं टिनाचं गॅरेज होतं. बाकीच्या मिस्त्र्यांच्या दारात जळक्या तेलाचा चिखल तुडवत जावं लागे, आणि याच्या दारात बायकोनं, सत्यभामानं, सकाळी सडा घातलेला असे. पान्हे भिंतीवर मोठ्याकडून लहानाकडे ओळीनं टांगलेले. एखाद्या ड्रायव्हरनं हात न पुसता पान्ह्याला हात लावला की संपलंच. "बापाच्या वावरात आला काय बे? फडकं दिसत नाई तुले?" असा आवाज पुलापर्यंत जायचा.

हा गडी मूळचा आंधळगावचा. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबून गेला, याला पोरवयातच नागपूरच्या एका गॅरेजात धाडलं, तिथून हा ब्रेकचं काम शिकून आला आणि दुसऱ्या कशाला हातच लावीना. इंजिनाचं काम आणलं तर शेजारच्या गॅरेजाकडे बोट दाखवायचा. काहून गा, असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर: "इंजिन बिघडलं तं गाडी थांबते. ब्रेक बिघडला तं गाडी थांबत नाई. कोनतं काम मोठं, तूच सांग."

ब्रेकच्या सिलेंडरमध्ये बोटाच्या पेराएवढी काळी रबरं असतात. ड्रायव्हरनं पेडल दाबलं की ती रबरं तेल ढकलतात, तेल पाइपातून चाकापर्यंत जातं आणि चाक धरलं जातं. पाय उचलला की रबर मागं येतं आणि चाक सुटतं. एवढाच खेळ. दुसरे मिस्त्री नवीन रबर डब्यातून काढून, फुंकर मारून, पँटीला पुसून बसवून टाकत. परसराम तसं करील तर शपथ! तो रबरं रॉकेलमध्ये धुवायचा. धुवायचा कसला, न्हाऊ घालायचा. तास-दोन तास वाटीत भिजत ठेवायचा, मलमलीच्या फडक्यानं टिपायचा. पाइपातूनही रॉकेल सोडायचा, दुसऱ्या टोकाला अगदी नितळ येईपर्यंत. त्याच्या उस्तादानं तसंच शिकवलं होतं, आणि उस्तादाच्या उस्तादानंही. "घान गेली पाहिजे," एवढंच त्याला ठाऊक. आणि त्याला त्या वाटीचा अभिमान होता, का नसावा? पवनीपासून तुमसरापर्यंत ड्रायव्हर लोक सांगत, परसरामच्या हातचा ब्रेक आहे म्हणून.

आता श्यामरावचं सांगायला हवं. श्यामराव अड्याळचा. तिथल्या भैय्याजी नावाच्या धान-व्यापाऱ्याच्या जीपवर तो ड्रायव्हर होता. उंच, किडकिडीत, बोलणं मोजकं. पंचाहत्तर सालच्या दिवाळीच्या तोंडावर त्यानं जीप आणली, परसरामनं चारही चाकांचे ब्रेक नव्यानं बांधून दिले. आठवड्याभरानं श्यामराव परत आला. परसराम तेव्हा एका ट्रकखाली निजून काम करत होता. गाडीखालच्या मिस्त्र्याला माणूस पायावरूनच ओळखावा लागतो. त्याला चाकाजवळ दोन पाय दिसले. रबरी चपला, एकीचा पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला, उजव्या अंगठ्याचं नख ठेच लागून काळं पडलेलं.

"मिस्त्री, चाकं गरम होऊन राहिली जी," वरून श्यामरावचा आवाज आला. "पेडलबी बरोबर वापस येऊन नाई राहिलं."

"तुया पायाचीच खोड आहे ते," परसराम खालूनच म्हणाला. "पाय ब्रेकावर ठेवून गाडी हाकतं तू. पाय उचलत जा."

"पाय तं उचलतो जी मी."

"मंग मीच खोटा काय? जा बापा, मले काम आहे."

पाय थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग वळले आणि गेले. परसराम बाहेर आलाच नाही. त्याला राग आला होता, त्याच्या ब्रेकात कोणी खोट काढली म्हणून.

चार दिवसांनी अड्याळच्या बाजूच्या एका गावात मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. पाहुणेरावळे, रात्री दंडारीचं नाटक, पानाची दुकानं, आणि आडोशाला मोहाची दारू. भैय्याजींच्या पाहुण्यांना तिथं पोहोचवून श्यामराव दिवस मावळता एकटा परत निघाला. रस्ता तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, जातो, आणि पार जिथं वळते तिथं जीप वळलीच नाही. सरळ पाण्यात गेली. लोकांनी दोर लावून ओढली तेव्हा श्यामराव आतच होता.

मंडईचा दिवस आणि ड्रायव्हर! लोकांना अजून काय पाहिजे? पिऊन होता, असं जीप पाण्याबाहेर येण्याआधीच ठरून गेलं. तरी पोलिस जमादारानं रीत म्हणून परसरामला तलावावर बोलावलं. परसराम धुतलेला सदरा घालून गेला. जीपमध्ये बसून त्यानं पेडल दाबलं, तर ते फसकन तळाला गेलं. त्यानं आणखी दोनदा दाबून पाहिलं. मग त्याचं त्यालाच उत्तर सापडलं: पाइप तुटला असेल, पाणी गेलं असेल. पाण्यात पडलेल्या गाडीचं काय पाहायचं?

"ब्रेक कसे होते?" जमादारानं विचारलं.

"माया हातचा ब्रेक असा जात नसतो, सायेब," परसराम म्हणाला. श्यामराव चाकं गरम होतात म्हणून येऊन गेला, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. जमादारानं लिहून घेतलं: ब्रेक ठीक, चालक नशेत. भैय्याजींनी मान हलवली. श्यामरावची बायको मालनबाई बोरीच्या झाडाखाली पदर तोंडाला लावून उभी होती, तिनं सगळं ऐकलं. परसराम तिच्यासमोरून गेला आणि संध्याकाळी पोटभर जेवला.

अशी आठ वर्षं गेली. परसरामचं नाव वाढतच गेलं. श्यामराव त्याला कधी आठवला असेल तर दारूच्या गोष्टीत, ड्रायव्हरांना दम देताना: "पिऊन हाकसान तं अड्याळच्या श्यामरावावानी तलावात जासान." होय, असं म्हणायचा तो. आपल्या तोंडानं म्हणायचा.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत नागपुरात मोटारीच्या सुट्या भागांचं मोठं प्रदर्शन भरलं. भंडाऱ्याचे बाबूलाल, ज्यांच्या दुकानातून सगळे मिस्त्री सामान घेत, त्यांनी एक मॅटाडोर केली आणि परसरामसोबत बारा मिस्त्री भरले. ब्रेक ऑइलच्या एका कंपनीनं प्रदर्शनातच मिस्त्री लोकांचा मेळावा ठेवला होता. जिल्ह्याजिल्ह्यातला उत्तम ब्रेक मिस्त्री निवडून त्याचा सत्कार होणार होता, आणि भंडाऱ्याकडून बाबूलालनी परसरामचं नाव दिलं होतं. "तुमच्या कामाची आजपर्यंत एक शिकायत नाही आली, परसरामजी," ते वाटेत म्हणाले. परसराम खिडकीबाहेर बघत लाजला. मागून कोणीतरी म्हणालं, "पाहा गा, नवरदेव लाजून राहिला!" आणि गाडीभर हशा झाला.

मैदानावर मांडवच मांडव. एका ठिकाणी आख्खं इंजिन मधोमध कापून, लाल-निळा रंग देऊन, विजेवर फिरत ठेवलेलं. हॉर्नच्या दुकानात तर मिस्त्र्यांनी असा उच्छाद मांडला की दुकानदारानं शेवटी तारा काढल्या. जो तो पिशवीत कॅलेंडरं, किल्लीच्या साखळ्या, स्टिकरं कोंबत होता. परसराम मात्र पुढच्या खुर्चीत जाऊन बसला, छातीला बिल्ला लावून.

सकाळी दहाला पुण्याचा एक तरुण इंजिनिअर आला. टेबलावर त्यानं दोन काचेचे ग्लास ठेवले. एकात ब्रेक ऑइल, एकात रॉकेल. एकाच डब्यातली दोन रबरं काढून सगळ्यांना दाखवली, अगदी सारखी, आणि एकेक ग्लासात सोडलं. "जेवणानंतर बघू," म्हणाला आणि भलतंच काही शिकवत राहिला. परसरामचं लक्ष नव्हतं. रॉकेलचा ग्लास पाहून त्याला उलट बरंच वाटलं होतं, की बघा, कंपनीवालेही आपल्यासारखंच धुतात.

पोळी, वांग्याची भाजी, बुंदी झाली. सगळे परत येऊन बसले. इंजिनिअरनं चिमट्यानं ब्रेक ऑइलमधलं रबर काढलं, होतं तसं. मग रॉकेलमधलं काढलं. मांडवात कुजबुज झाली. ते रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलं होतं. त्यानं सिलेंडरच्या तोंडाला लावून दाखवलं, आत जाईना.

"सिलेंडरच्या आत हेच हळूहळू होतं," तो सांगू लागला. "फुगलेलं रबर मागं येत नाही. पेडल परत येत नाही, ब्रेक धरून राहतो, चाकं गरम होतात. ड्रायव्हर तक्रार करतो, आणि आपण म्हणतो तुझा पाय ब्रेकवर असतो."

मिस्त्री हसले. परसराम हसला नाही.

"मग एके दिवशी तापून तापून आतलं तेल उकळतं, आणि ऐन वेळी पेडल तळाला जातं. जो मिस्त्री नुसती फुंकर मारून बसवतो त्याचं एखाद्या वेळी निभावतं. पण जो रॉकेलनं घासूनपुसून धुतो, पाइपातही रॉकेल सोडतो, त्याच्या हातून माणूस मरतो. धुवायचंच तर ब्रेक ऑइलनं धुवा."

परसरामला ते शब्द ऐकू आले, पण तो पाहत होता टेबलाखाली. टेबलावरचं कापड जमिनीपासून वीतभर वर होतं, आणि त्या फटीत दोन पाय उभे होते. रबरी चपला. तांब्याची तार. काळं नख. त्यानं डोळे मिटले, उघडले. टेबलाखाली वायरचं वेटोळं होतं.

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. बाबूलालनी पाठीत धपाटा दिला, "चला, उठा!" परसराम मंचावर गेला. शाल, नारळ, चाकाचं चित्र असलेली ढाल. टाळ्या थांबल्यावर इंजिनिअरनं माइक त्याच्यासमोर धरला आणि हौसेनं विचारलं, "परसरामजी, या सगळ्यांना सांगा, तुम्ही रबर कशात धुता?"

तीनशे मिस्त्री बघत होते. त्यातल्या बाराजणांनी त्याची ती वाटी डोळ्यांनी पाहिली होती. खरं बोलायचं तर एकच शब्द होता.

"ब्रेक ऑइलमदी," परसराम म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाराजणांनीही वाजवल्या. आपला माणूस होता ना!

त्या दिवसापासून परसराम वाया गेला म्हणा, की ठिकाणावर आला म्हणा. गॅरेजातली वाटी त्यानं फेकली. मग आठवून आठवून एकेक गाडी परत बोलावली, स्वतःहून निरोप धाडून, आणि सगळ्यांची रबरं बदलली, पाइप बदलले. ईश्वर नावाचा त्याचा जुना जोडीदार कामाला होता, तो चक्रावला. "कायले खोलून राहिले? चांगल्या गाड्या आहेत," तो म्हणे. परसराम सांगे, "जुनी झाली रबरं." प्रत्येक जुनं रबर तो हातात धरून बोटानं दाबून बघायचा. कुठलं थोडं फुगलेलं, कुठलं चांगलं. एकेक करून सगळ्या गाड्या झाल्या. एक गाडी तेवढी बोलावता येत नव्हती.

आणि पाय काही जाईनात. भर दुपारी, रस्त्यावर ट्रक धावताहेत, शेजारी चहाची किटली खणखणते आहे, आणि हा गाडीखाली निजला की चाकाजवळ ते पाय येऊन उभे राहत. बोलत नसत. गडबड करत नसत. मिस्त्री बाहेर येण्याची वाट बघत, तेव्हा पाहिली होती तशी. पहिल्या वेळी तो ओरडत बाहेर आला, डोकं अॅक्सलला आपटलं. कोणी नव्हतं. पुढं पुढं तो बाहेर येईनासाच झाला; खालीच पडून राहायचा, पान्हा छातीवर ठेवून, पाय कधी वळतात याची वाट पाहत. तेव्हा तर वळले होते. आता वळत नव्हते.

जेवायला बसला की त्याचा उजवा पाय आपोआप पुढं सरके आणि ब्रेकचं पेडल दाबावं तशी जमीन दाबू लागे. एकदा ताट कलंडलं. सत्यभामानं आधी रागावून पाहिलं, मग रडून पाहिलं. शेवटी एका सकाळी तिनं सडा घालता घालता बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "कोनाचं काय केलं तुमी? सांगा मले."

त्यानं सांगितलं. बायको तिथंच पायरीवर बसली. तिला भीती वाटली, हे खरं. धंदा बसेल, लोक थुंकतील, जेलही होईल. हे सगळं तिनं बोलून दाखवलं. मग म्हणाली, "पन त्या बाईनं आठ वर्सं काय खाल्लं असंल जी? जा तुमी."

चैत्रात तो पवनीच्या बसनं अड्याळला उतरला. मालनबाईचं घर विचारलं तर पोरंटोरंही म्हणाली, "कोन, त्या दारूड्याची मालन?" परसरामला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. घर गावाच्या कडेला होतं. मालनबाई ओसरीवर मोहफुलं वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते, हात राकट. तिनं त्याला लगेच ओळखलं. मिस्त्र्याला कोण विसरतं, ज्यानं ब्रेक ठीक होते म्हणून सांगितलं?

तिनं पाणी दिलं. त्यानं तांब्या हातात धरला, प्याला नाही. बसलाही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: रॉकेल, फुगलेलं रबर, चाकं गरम होतात म्हणून श्यामराव येऊन गेला ते, हाकलून दिला ते, जमादाराला सांगितलं ते, नागपूरला तीनशे लोकांसमोर खोटं बोलला ते. काही ठेवलं नाही.

मालनबाईनं विचारलं एवढंच, "मंजे तो पिला नव्हता?"

"नव्हता, बाई. पिला असता तरी ब्रेक नव्हताच."

"तसं नाई. पिला होता का नव्हता?"

"चार दिवस आधी तो मायापाशी चाकाचं सांगाले आला होता. त्याले माहीत होतं गाडी बरोबर नाई. ज्याले माहीत आहे थो पिऊन बसत नाई, बाई. मी ड्रायव्हर लोकात जिंदगी काढली."

ती उठली. हात पदराला पुसले. "चला," म्हणाली.

परसरामला वाटलं, पोलिसात नेते. पण ती त्याला शेजारच्या घरी घेऊन गेली. "सांगा यायले," म्हणाली. त्यानं सांगितलं. मग पलीकडच्या घरी. मग पिठाच्या चक्कीवर, जिथं आठ-दहा बाया डबे घेऊन बसल्या होत्या. "सांगा." मग पानठेल्यावर. दुपारचं ऊन डोक्यावर आलं, मागं मागं माणसं जमू लागली, आणि ती पुढं, तो मागं. दर दारात तेच, पहिल्यापासून. कोणी शिवी दिली, कोणी हळहळलं, एका म्हाताऱ्यानं त्याच्या अंगावर चप्पल उगारली. मालनबाईनं म्हाताऱ्याला थांबवलं. "मारू नका जी. त्याले अजून लय घरं सांगाचं आहे."

शेवटी भैय्याजींच्या बंगईसमोर, ओसरीतल्या झोपाळ्यासमोर, दोघं उभे राहिले. भैय्याजींनी ऐकून घेतलं, वर बघत पान चघळलं आणि म्हणाले, "आता बोलून काय होते, मिस्त्री? जुनी गोष्ट झाली." परसराम म्हणाला, "तुमच्यासाठी जुनी असंल जी." इतकी वर्षं भैय्याजींसमोर कोणी असं बोललं नव्हतं. ते बंगईवरून उठून आत गेले.

उतरत्या उन्हात दोघं परत ओसरीवर आले. परसरामचा घसा बसला होता, सदरा घामानं चिंब. पण छातीवरचं काहीतरी हललं आहे असं त्याला वाटत होतं. आता ते पाय जातील, एवढी आशा त्याला आली होती. लोक हळूहळू पांगले. मालनबाई खांबाला टेकून खाली बसली. आत भिंतीवर देवाचे फोटो होते, नवऱ्याचा नव्हता.

"फोटो पेटीत टाकला मी," तिनं त्याची नजर पाहून सांगितलं. "पितरांच्या पंधरवड्यात सगळ्यायच्या नावानं पान वाढतो, त्याच्या नावानं नाई वाढलं. एकबी वर्स नाई. लोकं बोलत, थे मी खरं मानलं. रोज शिव्या देल्या त्याले, रांधता रांधता. बेवड्या, मले अशी टाकून गेला म्हनून." तिचा आवाज फाटला. "तुमी तं आज सांगलं आपलं घरोघरी, मोकळे झाले. मी आता कोनाच्या घरी जाऊन सांगू?"

परसराम तिच्यासमोर जमिनीवर बसला. भंडाऱ्याला जाणारी शेवटची बस हॉर्न वाजवत गेली, तरी तो उठला नाही.